संदेशचे कोपर आणि ब्रायनच्या उरलेल्या इनिंग

मालकांनी तिसऱ्याच इनिंगमध्ये पिचर बदलायला लावला, तेव्हा मी संदेशच्या उजव्या कोपराला बर्फ लावत होते.

मी फिजिओथेरपिस्ट. अबू धाबीतल्या एका हौशी बेसबॉल संघाचे खांदे आणि कोपरे सांभाळते. हा खेळ मी पन्नाशीनंतर शिकले, तोही गुपचूप, मोबाइलवर. सामना नऊ इनिंगचा. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा; सुरुवात करणाऱ्या पिचरने, म्हणजे स्टार्टरने, त्यातल्या पाच-सहा ओढाव्यात अशी अपेक्षा असते. उरलेल्या बुलपेनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेला हात गरम करत थांबलेल्या राखीव पिचरांकडे जातात.

आमचा स्टार्टर ब्रायन हा शाळामास्तर. एकेका बॅटरवर तो पालकसभेइतका वेळ घालवत होता. मालक सावंतसाहेब मूळचे कणकवलीचे. मुसफ्फाच्या औद्योगिक भागात त्यांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप. क्रिकेटवर पोसलेला माणूस. ते फिलिपिनो मॅनेजर डॅनीला म्हणाले, "ब्रायन को थोडा रेस्ट दो."

डॅनीलाही ब्रायनचा कंटाळा आलाच होता. "यल्ला, चलो, ब्रायन, आउट."

"शेवटच्या ओव्हर्सना ताजातवाना परत आणू त्याला," साहेब मला म्हणाले.

"साहेब, बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला परत येत नाही."

माझा आवाज मुळातच हळू. त्यात शेजारी ढोल वाजत होता.

रिलीव्हर, म्हणजे बुलपेनमधला राखीव पिचर, हा एक-दोन इनिंगपुरता माणूस. इथे तिघांनी मिळून सहा इनिंग उपसायच्या होत्या. आठवी संपता संपता तिघांचेही हात गळाले. साहेबांनी फर्मावले, "आता ब्रायनला बोलवा."

"सर, ब्रायन खलास," डॅनी म्हणाला. "रूल नहीं है. वो पार्किंग में शवर्मा खा रहा है."

साहेब आमच्याकडे वळले. "मग संदेशला पाठवा. आपलाच माणूस आहे."

संदेश चौथा रिलीव्हर आणि साहेबांच्याच वर्कशॉपमधला वेल्डर. आदल्या सामन्यातही स्टार्टर लवकर गळाला होता आणि त्याच्या वाटच्या इनिंग संदेशनेच टाकल्या होत्या. मी कोपराची आतली बाजू दाबली. त्याचा चेहरा आक्रसला.

"दुखतंय?"

"थोडंसं. टाकतो मी, मॅडम. साहेब बघतायत."

लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ताणला गेला होता. आणखी एका इनिंगमध्ये तो फाटू शकला असता. हे मी साहेबांना सविस्तर समजावले.

"टेप लावा की," ते म्हणाले.

"साहेब, हा हात गेला तर काही महिने तुमच्याकडे वेल्डर नाही."

शास्त्रापुढे न हललेले साहेब वर्कशॉपच्या डिलिव्हरीपुढे हलले. "डॅनी, दुसरा कोणी बघ रे."

डॅनीने सेंटर फील्डमधला अकाउंटंट उभा केला. लग्नात अक्षता टाकाव्यात तसे त्याने चेंडू टाकले. समोरच्यांनी ते मनसोक्त झोडपले. आम्ही सपशेल हरलो. कोपर शाबूत राहिले.

स्टार्टर लवकर गेला तरी त्याच्या इनिंग त्याच्याबरोबर जात नाहीत. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी कोपरात जाऊन बसतात. साहेबांना हे कितपत पटले, याची मला शंका होती. पुढच्या सामन्याआधी त्यांनी मला बाजूला घेतले.

"मॅडम, ब्रायनची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"मग सहाव्या इनिंगपर्यंत मला डॅनीजवळ फिरकू देऊ नका."

वैद्यकीय सल्ला म्हणून मी तो तत्काळ लागू केला.