थैलीतले तीन फ्यूज

हे मी देवळात बोललो नाही, भावाजवळ बोललो नाही, बायकोची चिता जळत होती तेव्हाही तोंड उघडलं नाही. चौथी शिकलेला माणूस आहे, लिहिताना बोटं दुखतात. पण तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहून राहिलो. वाचा — नाही तर नका वाचू. माझं काय जाते?

घर आंबागडला, किल्ल्याखाली. मी चिखल्याच्या खदानीत पंपावर होतो. खालचं पाणी वर उपसायचं, तेच काम. तिथं विजेचं थोडंफार शिकलो, म्हणून रिटायर झाल्यावर गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालचा फ्यूजचा डबा, माझ्या गळ्यात पडली. लाईनमन राहतो तुमसरला, आला तर आला. फ्यूज उडाला की लोक माझ्या दारात — काका, पाहा ना जी. डब्याला कुलूप माझं, किल्ली माझ्या करगोट्याला. कायद्यात बसत नाही हे, पण गावोगावी असंच चालतं. मी म्हटलं फ्यूज गेला, तर फ्यूज गेला. मी म्हटलं मागूनच गेली, म्हणजे मोठ्या लाईनवरूनच बंद, तर लोक गुमान घरी जाऊन बसायचे. केवढा मान होता! थुंकतो मी त्या मानावर.

चार वर्षांमागं बायकोला, सुमित्राला, लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र जागेवर होतं, आणि डोळे. तिचं सगळं पोरगी करायची — प्रणाली, आमची एकुलती. आंघोळ, लुगडं, हगणं-मुतणं, सगळं. कॉलेज करून, बी.कॉम. करून, वर हे. आणि मी? मी सपरीत, दारापुढच्या ओसरीत, बसून चहा प्यायचो. आत पोर एकटी मायला उचलून राहिली, मायचं वजन तिला पेलत नाही, हे ऐकू यायचं मला. उठलो का? नाही उठलो. मला किळस यायची. जिच्या हातचं चाळीस वर्षं खाल्लं, तिच्या अंगाची किळस. लिहिलं एकदाचं. पण खरी गोष्ट ही नाही, ती पुढं आहे.

बी.कॉम. झाली त्या साली प्रणालीनं पुण्याच्या कॉलेजची परीक्षा दिली. एमबीएची. पास झाली. मग इंटरव्ह्यू निघाला. जायचं नव्हतं, इथूनच कॉम्प्युटरवर बोलायचं होतं. तीन साहेब तिकडं, ही इकडं. पंधरा दिवस घरात दुसरी गोष्ट नाही. मायला उशीला टेकवून बसवायची — माय म्हणजे मोठे साहेब. मला एक इंग्रजी प्रश्न आपल्या मराठी अक्षरात लिहून दिला होता. पाच वर्षांनी तू कुठं असशील, असा काहीतरी. मी तो ट्रकचा नंबर वाचावा तसा वाचायचो. ती इंग्रजीत फाडफाड उत्तर द्यायची. मला त्यातलं एक अक्षर समजायचं नाही.

"बाबा, साहेब असे भांडल्यासारखे इचारत नाहीत जी."

"मंग तो साहेब कायचा?"

सुमित्राचं अर्धं तोंड हसायचं. आम्हीही हसायचो. आणि हसता हसता माझ्या डोक्यात एकच घोळायचं — ही गेली तर सुमित्राला धुणार कोण?

बापाला पोरीची माया सुटत नाही, असं लोक म्हणतात. मायाबिया काही नाही. मी पाण्याच्या बादलीला भ्यालो.

इंटरव्ह्यू ग्रामपंचायतीच्या खोलीत ठरला, कारण घरी मोबाइलला रेंज नाही आणि तिथं तारेचं इंटरनेट आहे. तिथला इन्व्हर्टर कधीचाच मेलेला. वेळ अकराची. मायची निळी साडी नेसून निघाली. मायच्या पाया पडली, माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. हो, ठेवला.

ती वळणावर दिसेनाशी झाली. सुमित्रा सपरीत खाटेवर होती. डीपी आमच्या घरासमोर, चाळीस पावलांवर. मी टेस्टर-पक्कडीची थैली उचलली. अकरा वाजून गेल्यावर गेलो, कुलूप उघडलं, तिन्ही फ्यूज उपसले, थैलीत टाकले, कुलूप लावलं आणि घरी येऊन बसलो.

झालं. एवढंच केलं मी. करायला पाच मिनिटं नाही लागली, लिहायला तीन वर्षं लागली.

थांबा. याच्यापुढचं जास्त घाण आहे.

पोरगी पळत आली. साडी वर खोचलेली, श्वास लागलेला. "बाबा, फ्यूज गेला असंल, लवकर टाका ना जी. दोनच प्रश्न झाले. साहेब थांबून हायेत." मी थैली खांद्याला लावून तिच्यापुढं चाललो. डब्याचं दार अर्धंच उघडलं, आड उभा राहिलो. टेस्टर काढायला थैलीत हात घातला तर ते तीन फ्यूज बोटांना लागले. माझ्या पाठीमागं, हातभर अंतरावर, माझी पोर उभी होती. त्या वेळीही टाकता आले असते. टाकले का?

"मागूनच गेली, बाई," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि मोबाइल घेऊन तलावाच्या पाळीकडं, बांधावर पळाली. तिथं कधी कधी रेंज भेटते. एक चप्पल डीपीजवळच राहिली. शंका घेतली नाही तिनं. काहून घेईल? बाप सांगून राहिला.

पाळीवर एकदा लागलं म्हणे. तीन चेहरे दिसले, थिजलेले, आणि गेले. पाऊण तासानं मी फ्यूज टाकले आणि गावात सांगितलं, आली. तिनं कॉलेजला लिहिलं. उत्तर आलं — वेळ संपली, पुढच्या वर्षी प्रयत्न करा.

दोन दिवसांनी लाईनमन गावात आला. लोकांनी घेरला. सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? माझा. "पोरीचं वाटोळं केलं तू, झोपला होता का बे?" तो म्हणाला, "काका, पोराची आन, लाईन चालू होती." कोणी ऐकलं नाही, कारण मागूनच गेली असं मी म्हटलं होतं. तो माझ्याकडं पाहत राहिला. त्याला कळलं असावं. तक्रारीचा अर्ज गेला, त्याची बदली लांब बपेऱ्याकडं झाली. जाताना मला नमस्कार करून गेला. शिव्या देऊन गेला असता तर बरं झालं असतं.

आणि सुमित्रा. तिनं खाटेवरून सगळं पाहिलं होतं. लाईट गेली त्याच सांजेला प्रणाली कोपऱ्यात पडून होती, म्हणून पेजेची वाटी मी घेतली. पहिल्यांदाच. चमचा नेला तर तिनं दात आवळले. खुंटीवरच्या थैलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. वाचा नव्हती ना तिला — तोंड मिटणं तेवढं हातात होतं. मरेपर्यंत माझ्या हातचा एक घास घेतला नाही. पोरगी म्हणायची, माय लाजते तुम्हाले. मी मान हलवायचो.

मागच्या साली प्रणाली शिंगाडे सोलत बसली होती. मी सहज विचारलं, त्या प्रश्नाचं काय उत्तर देत होतीस तू?

"हेच जी. पाच वर्षांनी आंबागडलाच राहीन. गावच्या बाया तलावाचे शिंगाडे कच्चे विकतात, नफा व्यापारी खाते. इथंच पीठ करायचं, बायांची सोसायटी काढायची. दोन वर्षं पुण्याले, मंग वापस." मग सालं सुपात सारत म्हणाली, "मायले संगच नेणार होती. मैत्रिणीनं खोली पाहून ठेवली होती."

पंधरा दिवस रोज सांगत होती ती. रोज मीच विचारत होतो. मराठीत सांग, एवढं म्हटलं का मी? आणि मायचं काय करशील, हे तरी विचारलं का?

या पौषात सुमित्रा गेली. तेरवीला लोक जेवून म्हणाले, नशीबवान बाई, असा सेवा करणारा नवरा भेटला. ताटं लाथेनं उडवावी वाटलं. मी हात जोडले. लोकांवर रागावून काय करू — ते माझंच ऐकून बोलत होते.

प्रणालीनं पुन्हा फॉर्म भरला नाही. आता त्याच पंचायतीच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या पोरापोरींचे कॉलेजचे फॉर्म भरते.

काल दुपारी लाईट गेली. ती दारात आली. "बाबा, पाहा ना जी." मी थैली घेऊन गेलो, दार पूर्ण उघडलं. तिन्ही फ्यूज जागेवर होते. टेस्टर लावून पाहिला. खरंच मागून गेली होती.

"मागूनच गेली, बाई," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.