दोन जेम्स फ्लेट

पोर्टकेल्डी या कोळ्यांच्या गावात आडनावं तीनच. फ्लेट, मेर आणि स्लेटर. ठेवायची नावंही मोजकीच, आजोबाचं नातवाला. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून "जेम्स!" अशी हाक मारा, चार दारं उघडतील आणि पाचव्यातून कुत्रं भुंकत येईल. म्हणून कोळ्यांच्या प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं आणि ते बापाकडून लेकाकडे चालत येतं. केनेथ स्लेटरच्या घराण्याचं 'गाजर'. कोण्या पणजोबाचे केस लाल होते म्हणे. केनेथच्या डोक्यावर आज औषधाला केस नाही, तरी तो गाजरच. पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत सगळे टोपणनाव विचारूनच पुढे बोलतात. फक्त युद्धस्मारकावर टोपणनावांना मज्जाव. तिथं त्या वेळच्या पाद्र्यानं हट्टानं नुसती नावं कोरून घेतली. पवित्र दगडावर गाजरं-बिजरं नकोत म्हणाला. बाहेरगावचा शहाणा, दुसरं काय!

जेम्सीना फ्लेट ही 'बोझी' घराण्यातली. तिचा बाप जेम्स बोझी समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता. दुसऱ्या महायुद्धातल्या एका हिवाळ्यात बोट गेली ती माणसांसकट गेली. मुलगी मागाहून जन्मली. बाप समुद्रात राहिला की लेकीला त्याचंच नाव शेपूट लावून द्यायचं, ही इथली रीत, जेम्सची जेम्सीना. एवढं लांब नाव कोण घेतंय? गाव तिला ईना म्हणतं.

सत्तरी उलटली तरी दर शनिवारी ईना फुटबॉलच्या मैदानावरची चहाची टपरी उघडायची. मैदान कड्यावर आहे. एका गोलामागे पडक्या किल्ल्याची भिंत, दुसऱ्यामागे सरळ समुद्र. दक्षिणेकडून पाहुणे येतात, सकाळी किल्ला बघतात, मग स्मारकापाशी टोपी काढून उभे राहतात आणि सामन्याला टपरीवर येऊन खिमा-पॅटिस खात म्हणतात, "किती शांत गाव आहे हो तुमचं!"

"शांत?" ईना म्हणायची. "थांबा जरा. रेफ्रीला आपल्याविरुद्ध एक पेनल्टी देऊ दे, मग बघा."

त्या ऑक्टोबरात गाजर टपरीवर आला तो हात चोळतच. क्लबचा चिटणीस तोच आणि स्मारकाच्या मंडळाचा प्रमुखही तोच.

"ईनामावशी, तुझ्यासाठी बातमी आहे. स्मारकाची अक्षरं झिजलीत, ती नव्यानं कोरायचीत. आणि या खेपेला टोपणनावांसकट! पाहुणे आजोबा शोधत येतात आणि कुठला फ्लेट कोणाचा, हे त्यांना काही केल्या कळत नाही. तुझ्या बाबांच्या नावापुढं 'बोझी' येणार. पाथरवट बाई पुढच्या आठवड्यात येतेय."

ईनाच्या हातातली किटली टेबलावर आदळली. गाजरला वाटलं, म्हातारीला आनंद झाला. तिला भरून आलं असेल म्हणून तो आणखी एक पॅटिस घेऊन निघून गेला.

आनंद कसला! स्मारकावर जेम्स फ्लेट एकच होता, आणि तो ईनाचा बाप नव्हता.

लढाईत गावातले दोन जेम्स फ्लेट गेले, एक बोझी आणि एक कॉस्टी. लढाई संपल्यावर पाद्री नावं गोळा करत दारोदार हिंडला. कोळ्यांच्या घरात पाद्री हा शब्द उच्चारत नाहीत, अपशकुन होतो. म्हणायचं 'काळा कोटवाला'. तो काळा कोटवाला बोझींच्या दारात आला तेव्हा ईनाची आई कडाडली, "दगडात नाव कोरलंत की माणूस परत यायचा थांबतो. माझा नवरा अजून यायचाय. चला, व्हा चालते!" त्यानं नाव गाळलं. दगडावर एक जेम्स फ्लेट होताच, म्हणून बोझी राहून गेला हे कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. ज्याला जो हवा तो त्याला तिथं दिसला.

मग नोव्हेंबरातल्या पहिल्या स्मृतिदिनी बाप गेलेल्या शाळकरी मुलांच्या हातात लाल फुलांची चक्रं दिली गेली, आपापल्या बापाच्या नावाखाली ठेवायला. सात वर्षांची ईना बोटानं अक्षरं लावत लावत गेली, जेम्स फ्लेटपाशी थांबली आणि चक्र ठेवलं. घरी येऊन म्हणाली, "आई, मला बाबा सापडले!" आई चुलीकडे तोंड करून बसली.

खरं काय ते आईनं मरताना सांगितलं. ईना तेव्हा विशीत होती. "ते नाव तुझ्या बापाचं नाही गं. मीच कोरू दिलं नाही. तूही देऊ नकोस. आणि दाराला कडी लावू नकोस. तो आला तर बाहेर ताटकळायला नको." ईनानं शब्द दिला. तेव्हापासून बोझींच्या दाराला कडी लागली नाही, आणि ईना दर नोव्हेंबरात जाणूनबुजून दुसऱ्याच्या बापाच्या नावाखाली फुलं ठेवत आली. दुसरी जागा होती कुठे तिला?

आता मात्र पंचाईत झाली. गप्प बसावं, तर बापाला दगडावर जागा मिळते, पण कॉस्टीची पुसली जाते. बोलावं, तर बापाचा होता तो आधारही जातो. आईला दिलेला शब्द वेगळाच. तीन दिवस असेच गेले. मग तिनं शाल गुंडाळली आणि टेकाड चढून ॲलेक कॉस्टीचं दार ठोठावलं.

ॲलेक म्हणजे त्या दुसऱ्या जेम्सचा मुलगा. ऐंशीच्या घरातला, बायको गेलेला, जन्मभर बोटीचा तांडेल. गोलामागे उभा राहून रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि ईनाच्या चहाला नावं ठेवल्याशिवाय प्यायचा नाही. पण स्मारकाच्या दिवशी हा माणूस कधी फिरकायचा नाही. गाव म्हणायचं, दगड आहे नुसता, बापाचीही माया नाही.

"चहाचे पैसे परत द्यायला आलीस?" दार उघडून तो म्हणाला. "देच. भांडी विसळलेलं पाणी होतं ते."

"ॲलेक, चेष्टा नको. बसू दे मला."

तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं. पाद्री, आई, शब्द आणि गाजरची बातमी. ॲलेक खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

"हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"सगळं. पहिल्याच वर्षी मीही चक्र घेऊन उभा होतो की. तुझ्या मागे. तू पुढं गेलीस आणि माझ्या बापाच्या नावाखाली फुलं ठेवून अशी हसलीस म्हणतेस! मी ओरडणार तेवढ्यात आईनं दंड धरला. म्हणाली, 'त्या पोरीला दुसरी जागा नाही. तू मागे सर.' सरलो मागे."

"आणि नंतर?"

"नंतर काय? मी तिथं आलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, एका नावाला दोन घरं कशी? मग तुझं बिंग फुटलं असतं. म्हणून नाही आलो."

ईनाला हुंदका आवरेना. "अरे मेल्या, गाव तुला दगड म्हणत आलं जन्मभर!"

"म्हणू दे. रेफ्रीला मी काय कमी म्हणतो? कोरू दे ते बोझी. माझ्या बापाला कुठं वाचायचंय?"

"नाही!" ईना ताडकन उठली. "इतकी वर्षं तुझ्या बापाची जागा अडवली ती पुरे झाली. तिथं कॉस्टीच येणार."

"मग तुझ्या बापाचं काय?"

"आईला शब्द दिलाय मी."

ॲलेक तिच्याकडे वळला. "तुझ्या आईला तो घरी यायला हवा होता. म्हणूनच ना दार उघडं ठेवलंत? पण ईना, बोझींचं घर तुझ्यामागं बंद पडणार. ना तुला मूल ना बाळ. उद्या तो आला तर कुणाकडे येईल? दगडावर त्याला जागा दे, तेच त्याचं घर."

ईना तरातरा टेकाड उतरली. ॲलेकचा तिला असा राग आला होता की वाटेत भेटलेल्या गाजरच्या हाकेकडेही तिनं लक्ष दिलं नाही. राग आला कारण म्हातारा खरं बोलला होता. घरी जाऊन ती आईच्या खुर्चीसमोर बसली आणि रिकाम्या खुर्चीशी मोठमोठ्यानं भांडली. "तू गेलीस सुटून! मी कुठवर वाट बघू? मीही थकले गं आई." भांडण संपलं तेव्हा बाहेर उजाडत होतं. तशीच ती गाजरकडे गेली आणि दोन्ही नावं सांगितली.

गाजरचं तोंड उघडं ते उघडंच. "मावशी, म्हणजे इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं. आणि तू मंडळाचा प्रमुख! मीट तोंड, माशी जाईल."

नोव्हेंबरातल्या शनिवारी सामन्याआधी सारं गाव आणि दोन्ही संघांचे खेळाडू स्मारकापाशी गोळा झाले. पाऊस नव्हता, बोचरा वारा होता. गाजर टोपी काढून नावं वाचू लागला. "जेम्स फ्लेट, कॉस्टी." ॲलेक पुढं झाला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि बापाच्या नावाखाली फुलं ठेवताना त्याचे गुडघे वाकेनात. ईनानं त्याचा दंड धरला. मग गाजर म्हणाला, "जेम्स फ्लेट, बोझी." नवी अक्षरं पांढरीशुभ्र होती. ईनानं त्यांवरून बोट फिरवलं, सातव्या वर्षी फिरवलं होतं तसंच. बापाचं नाव तिच्या बोटाला आयुष्यात पहिल्यांदा लागलं होतं. ती सगळ्यांदेखत रडली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही.

सामना आपण हरलो, ते जाऊ दे.

दिवेलागणीला ॲलेक तिला घरापर्यंत सोडायला आला आणि परत फिरू लागला.

"थांब," ईना म्हणाली. "ही कडी तेवढी बघ. हलत नाही."

कशी हलणार? दर उन्हाळ्यात दारासोबत तिलाही रंग लागत गेलेला, थरावर थर. ॲलेकनं खिशातून चाकू काढून रंग खरवडला, स्वयंपाकघरातून तेल मागून घेतलं आणि बुक्कीनं दोनदा ठोकलं. कडी करकरली, पुढं सरकली.

"लाव आता तू," बाहेर पाऊल टाकत तो म्हणाला.

ईनानं दार लोटलं. कडीवर हात ठेवला. मग लावली.

"आई," ती खुर्चीकडे वळून म्हणाली, "बाबा आले गं."