खिडकीवरच्या गोधड्या

समोरच्या गॅलरीत आज गोधड्या उन्हात टाकल्यात. एरवी त्या मीराच्या खिडकीला आतून लावलेल्या असतात, रिक्षांचा आवाज गाण्यात शिरू नये म्हणून. गाणी तिनेच लिहिलेली, घरात एकटीने रेकॉर्ड केलेली. तिचा पहिला अल्बम आज आला.

“सुटलीस की गं आता!” मी गॅलरीतून म्हटलं.

“कसली सुटते, काकू! इतके दिवस बाहेरचं आत येईल याची धास्ती होती. आता माझं आतलं सगळं बाहेर गेलंय.”

ती कठड्यावरची गोधडी उलटवू लागली. आपण बोललेलं निदान लोक विसरतात. हिचं मात्र कुणीही, कधीही, पुन्हा लावून ऐकणार.

घरात येऊन मी तिचं गाणं लावलं. शब्दांआधी तिचा श्वास ऐकू आला, इतका जवळून, की मी घाईघाईने माझीच खिडकी लावून घेतली.