राइस मिल आणि ई-मेल

मूल गावातल्या एकमेव सायबर कॅफेचा मालक नेट लागेपर्यंत कुणाला बोलू देत नसे. "चूप राहा न बाई, लागून राह्यलं," म्हणत डोळे मिटून मोडेमची कुरकुर ऐकायचा. मोठ्या क्रीडा स्पर्धा भरवायला देशाचं इंटरनेट सज्ज असल्याची बातमी त्यानं भिंतीवर चिकटवली होती.

मी शाळेत खेळ शिकवायची. खो-खोत जिंकलेल्या आमच्या मुलींची नावं पाचच्या आत ई-मेलनं पुण्याला गेली नाहीत, तर त्यांची राज्य स्पर्धा हुकणार होती. आणि शेजारची राइस मिल सुरू झाली की व्होल्टेज पडून कॉम्प्युटर बंद व्हायचा. त्या दिवशीही तेच झालं. मिल कॅफेवाल्याच्या साळ्याची. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद.

"तुमीच सांगा न त्याले," तो म्हणाला.

"माझं कशाला ऐकेल तो?"

तो चप्पल न घालताच गेला. मिल थांबली, मेल गेला.

आभार मानायला मी मिलमध्ये गेले. दोघे पोत्यांवर पाठीला पाठ लावून बसले होते, मध्ये चहाचे कप.

"काय सांगितलं यांना?" मी कॅफेवाल्याला विचारलं.

"सांगतो काऊन? सरळ मिलचा मेन स्विच पाडला."

साळा भिंतीकडे बघत म्हणाला, "बाई, त्याले म्हणा, चहा थंडा होऊन राह्यला."