वहिनीच्या वेणीतला हॅगफिश

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं आणि आमची नीलांबरी वहिनी नगरला कॉलेजात जायला लागली. सून आणि कॉलेज! वर तिथं मासे कापायचे! आमचं शुद्ध शाकाहारी घर हादरलंच. दादानं हट्ट धरला म्हणून अप्पांनी होकार दिला, पण अट घातली: गावात कुणी नावं ठेवली, की शिक्षण बंद. वहिनीला तर डॉक्टर व्हायचं होतं. ती घरी आली, की आई तिला आधी आंघोळीला पिटाळायची. मी खुशाल तिच्या वहीतली चित्रं बघत बसायची.

तिचा लाडका होता हॅगफिश. खोल समुद्राच्या तळाशी, गार अंधारात, चिखलात बीळ करून राहतो म्हणे. जबडा नाही, खवले नाहीत. मेलेल्या माशाच्या अंगात शिरून त्याला आतून खातो. कुणी धरलं, तर बुळबुळीत चिकटा सोडतो. भेंडी काहीच नाही त्यापुढं. शी!

तोंडी परीक्षेत नेमका तोच आला. परीक्षकांनी विचारलं, "अंगावरचा चिकटा हा पुसतो कसा?" वहिनीला इंग्रजी शब्दच आठवेना. बाईनं सरळ वेणीचा अंबाडा सोडला! वेणीच्या टोकाला गाठ मारली आणि सरकवत डोक्याकडं नेली. "असा, सर." गाठ मानेशी येऊन घट्ट बसली.

"मग त्याची का अडकत नाही?"

"त्याला डोकं गाठीतून काढून घेता येतं, सर. मला कसं येणार?"

परीक्षक खो खो हसले आणि तिला पास केलं.

वहिनी डोक्यावर पदर घेऊन घरी आली. आईनं पदर सारला, गाठ बघून कपाळावर हात मारला आणि खोबरेल घेऊन तिला पुढ्यात बसवलं. "काय केलंस गं हे, बये?" वहिनीनं सगळं सांगितलं. आई इतकी हसली, की तेल सांडलं. मग हळूच म्हणाली, "अंधारात दिसतं कसं गं त्याला?"

"दिसत नाही, आई. वासावर जातो."

तेवढ्यात अप्पा तणतणत आले. बातमी चौकात पोचली होती. "परक्या पुरुषापुढं केस सोडले! बास झालं. उद्यापासून कॉलेज बंद!"

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. मला तर रडूच कोसळलं.

आईनं अप्पांना उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं मान वर केली नाही, बोटं गाठीतच होती. म्हणाली, "अहो, मी सोडवतेय ना? तुम्ही मध्ये आणखी गुंता करू नका. पोर उद्या कॉलेजात जायचीय, नीट वेणी घालून."