मास्तरांचा धाकटा

लग्नानंतर सहा वर्षं मी सिल्वासा फक्त ऐकलं. सासरे मूळचे रत्नागिरीकडचे, पण सगळी नोकरी सिल्वासाच्या सरकारी शाळेत झाली. निवृत्तीनंतर ते कोकणात परतले. नवरा मॅट्रिकपर्यंत तिथेच वाढला. त्यामुळे आमच्या घरात कुठलाही विषय निघाला की तो फिरून फिरून दमणगंगेच्या काठावर जायचा. पेरू आणला, की सिल्वासाचे पेरू. पाहुणे आले, की सिल्वासाची माणसं. "बाजारातून निघालो ना, तर घरी पोचायला तासभर लागतो. दहा जण हाका मारतात, अरे, मास्तरांचा धाकटा!" हे तर मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं. मी पडले कोल्हापूरची. नव्वदच्या आसपास एका हिवाळ्यात मीच म्हटलं, "चला, बघूया तरी तुमच्या हाका."

वापी स्टेशनला उतरून आम्ही खच्चून भरलेल्या रिक्षात बसलो. शेजारचा माणूस आमच्या रिकाम्या पिशवीकडे बघून समजल्यासारखा हसला. गुजरातेत दारूबंदी आणि केंद्रशासित सिल्वासात मोकळीक, तेव्हा रिकामी पिशवी घेऊन जाणारा कशाला जातो हे सगळ्यांना ठाऊक. नवऱ्याला ते लागलं. "मी इथलाच आहे," तो उगाचच म्हणाला.

त्या दिवशी त्याने नवा शर्ट घातला होता आणि खिशात कंगवा ठेवला होता. बाजारात शिरल्यावर तो रस्त्याच्या मधोमध, वरातीतल्या नवरदेवासारखा हळूहळू चालायला लागला. कुणी बघेना. शिंप्याच्या जागी टेपरेकॉर्डरचं दुकान झालं होतं. शाळेच्या क्वार्टरमधून एक बाई बाहेर आल्या, त्यांना इथे बदलून येऊन आठ महिनेच झाले होते. ज्याला विचारावं तो दोन वर्षांपूर्वी आलेला, नाहीतर तीन. कुणी धुळ्याचा, कुणी नंदुरबारचा, कुणी थेट बिहारचा, सगळे कारखान्यांमागे आलेले. "मघाशी डोळ्यांवर ऊन होतं लोकांच्या," असं म्हणून नवऱ्याने पलीकडच्या बाजूने बाजाराची आणखी एक फेरी मारली.

बारा वाजेपर्यंत मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. चांगले चार टोमणेही मारून झाले. मग तो शाळेच्या पायरीवर बसला. रविवार होता, शाळा बंद. खाली मान घालून तो रुमालाने बुटावरची धूळ पुसत राहिला. सहा वर्षं जे गाव त्याने मला दाखवलं होतं, त्याला स्वतःलाच ते सापडत नव्हतं.

तो एकटाच नदी बघायला गेला. पाय दुखतात म्हणून मी सामरवरणीच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या हॉटेलात बसले. मालक माझ्या नवऱ्याच्याच वयाचा, शेवभाजीला फोडणी देत होता. डाव्या हाताचं एक बोट वाकडं. कुठले म्हणून विचारलं.

"शिरपूरकडचा, ताई. खडोलीला कंपनीत होतो. मशीनमधी बोट गेलं, मग हे हॉटेल टाकलं. चार वरसं झाली."

पुढचं मी विचार न करताच बोलले. "भाऊ, एक काम कराल? माझे मिस्टर इथे वाढले. सकाळपासून त्यांना एका माणसाने ओळखलं नाही. तुम्ही ओळखाल का?"

मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. झारा हातात धरून विचार करत म्हणाला, "ओळखून घेतो ना. काय म्हणून ओळखू?"

मी सांगितलं. मराठी शाळा, गणिताचे मास्तर, त्यांचा धाकटा.

नवरा आला तसा तो हात पुसत बाहेर धावला. "अरे भाऊ! तुम्ही आपल्या मास्तरांचे धाकले ना?"

नवऱ्याचे कान हलले. खरंच हलले, मी पाहिले. चेहरा असा काही उजळला की मला रडू यायला लागलं, मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. पण आम्हाला आत बसवून जेवायला वाढता वाढता आमच्या भाऊंना आता जोर चढला होता. "मी सरांच्याच हाताखाली शिकलो ना! काय मारायचे सर, बापरे! हे बोट बघा, अजून सरळ झालं नाही!"

मला घाम फुटला. माझे सासरे ताटाजवळची मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करत. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती, आणि नेमकं तेच मी सांगायची राहिले होते. नवऱ्याचा घास हातातच राहिला. मग "हो का?" म्हणाला आणि जेवायला लागला. तासभर दोघे गप्पा मारत होते.

परतताना गुजरातच्या नाक्यावर पोलिसाने पिशवी उघडली. आत शेवेचा पुडा. "माझं गाव आहे इथे," नवरा म्हणाला. पोलीस हसला, "बधा एवुंज कहे छे." सगळे असंच म्हणतात.

वापीच्या फलाटावर नवरा म्हणाला, "बाबांनी कधी कुणाला मारलं नाही."

"माहीत आहे."

"तू सांगितलंस त्याला."

मी हो म्हटलं. तो उठून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मी चुकले होते. पुढे सहा-सात वर्षं आमच्या घरात सिल्वासाचं नाव निघालं नाही. पेरू आणला की तो नुसता पेरू असायचा. माझीच मला इतकी चीड यायची की मी पेरू आणणंच सोडलं.

मग त्याच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी वापीला लग्न निघालं. "तिथून जवळच आहे, जाऊन येऊ," माझ्याकडे न बघता तोच म्हणाला.

सामरवरणीच्या रस्त्यावरच्या त्या हॉटेलावर आता पत्र्याच्या जागी स्लॅब पडला होता. आत कंपन्यांतली नवी मुलं जेवत होती. मालकाचे केस पिकले होते. आम्ही अजून रस्त्यातच होतो, मी तोंडही उघडलं नव्हतं, तेवढ्यात तो गल्ल्यावरून ओरडला, "अरे! मास्तरांचे धाकले!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. "आमच्या सरांचा मुलगा," त्याने मुलांना सांगितलं. "मी इथलाच ना, इथल्याच शाळेत शिकलेला. काय मारायचे सर!" त्याने वाकडं बोट वर केलं. मुलं मान डोलवत होती, त्यांनी हे आधीही ऐकलेलं दिसत होतं. मग त्याची नजर माझ्या नवऱ्याकडे गेली, आणि बोट तसंच वर राहिलं.

नवऱ्याने खुर्ची ओढली, बसला.

"हो," तो म्हणाला, "मलासुद्धा फार मारायचे."