चार दिवसांची ताई

मथुरामावशीकडे मासळी घ्यायला गेलं की आधी ती गिऱ्हाईक निरखते आणि मगच पाटीवरचं ओलं फडकं बाजूला करते. भाव फारच पाडून मागणाऱ्याला ती एवढंच सांगते, "जा बाय, वांगी घे." बोरिवलीच्या मंडईत मी तिच्याकडून आठ वर्षं मासळी घेतेय. त्यातली पहिली पाच वर्षं तिने मलाही बऱ्याचदा वांगी घ्यायला पाठवलंय.

मग एका सकाळी तिने न मागता दोन बांगडे जास्तीचे टाकले. म्हटलं, आज सूर्य कुठून उगवला? पाटीवर फडकं टाकत ती म्हणाली, "तुझं ते बालघर हाय ना, तिथं माजी नात आयलीय. प्रांजल. हितेशची पोर. डबा खाते का गो ती?"

खात होती. नीट, एकही शीत न सांडता. मी तसं सांगितलं, तर मावशीचं तोंडच उतरलं. "माज्याकडं सांडायची," ती म्हणाली.

माझं नाव रत्नप्रभा. मुलं आणि पालक रत्नाताई म्हणतात. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं बालघर आहे. तीन ते सात वर्षांची मुलं असतात. पुस्तकं नाहीत, परीक्षा नाही, गणवेश नाही. माती, पाणी, कणीक, गाणी. असली शाळा निवडायला येणारे आईबाप नारळ घेतल्यासारखे येतात. हलवून बघतात, वाजवून बघतात, कानाला लावतात, आणि तरी शेजारच्या दुकानात एकदा जाऊन येतात. प्रांजलची आई नमिता आली तेव्हा तिच्या हातात वही होती. आमची शाळा तिने बघितलेली अकरावी होती.

पण नमिताला नावं ठेवणं मला जमणार नाही. ती वर्सोव्याची. तिची आईही मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरायची आणि वर्गात शेजारची मुलगी नाक धरून बसायची. हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, अगदी कोरड्या आवाजात. म्हणाली, "ताई, माझ्या मुलीने चिखलात खेळावं, मासे धरावेत, सगळं करावं. पण मजा म्हणून. पोटासाठी नाही." पटलंच मला.

प्रांजल तीन वर्षांची होईपर्यंत ती सगळी गोराईला मावशीच्या घरीच राहत होती. मावशीचा मुलगा हितेश आणि नमिता सकाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून कामाला जायची आणि पोर आजीजवळ. मावशीचा नवरा आधीच गेलेला. पोर आली आणि घराला पुन्हा आवाज आला. मग शाळेसाठी बिऱ्हाड बोरिवली पूर्वेला हललं. मधे एक खाडी आणि एक रेल्वेलाइन, एवढंच अंतर. तरी नात दिसायची दिवाळीला आणि नारळी पौर्णिमेला, तीही दोन-दोन तास.

राहिला मे महिना. मावशीची सगळी भिस्त मे महिन्यावर. अंगणात रायवळ आंब्याचं झाड आहे, त्याची खालची फांदी ती उतरवायची नाही. पोर येईल, स्वतःच्या हाताने कैरी तोडेल. पण पोर कुठून येणार? पहिल्या वर्षी चित्रकलेचं शिबिर होतं, दुसऱ्या वर्षी पोहण्याचं. गेल्या वर्षी, पाच वर्षांची असताना, तिला रोबो बनवायला घातलं होतं. फांदीवरचे आंबे वटवाघळांनी खाल्ले.

दर एप्रिलात मासळी साफ करता करता मावशी मला विचारायची, "यंदा कसला कॅम्प?" घरच्या आजारी माणसाचा ताप विचारावा तसं. मी सांगायची. ती मान हलवून कोयता चालवायची.

यंदा तिने पुढचं विचारलं. "त्या कॅम्पात करतात काय गो नक्की?"

मी आमच्या शिबिराचं सांगितलं. झाडावर चढतात, मातीत खेळतात, आपलं ताट आपण घासतात, गावच्या माणसांशी बोलतात.

कोयता थांबला. "आणि ह्याला वर्गणी घेतात?"

"घेतात."

"मग माज्या अंगणात काढ ना कॅम्प. झाड हाय, माती हाय, घासायला ताटं तर ढीगभर हायत." ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "माजी पोर तरी येल."

मला हसू आलं आणि मग आलं नाही. मे महिन्यात मी दरवर्षी शिबिर घेतेच. जागा शोधत होतेच. आठ दिवसांत पत्रक निघालं. गोराईच्या कोळीवाड्यात चार दिवस, मुलं बारा. पहिला फोन नमिताचा.

"ताई, सासूबाईंच्या घरी आहे ना? झकास! प्रांजलचं नाव लिहा."

म्हटलं, अगं, मग तिला नुसतीच आजीकडे पाठव की.

"आजीकडे ती नुसती खाते आणि लोळते हो. तुमच्याकडे कसं, सगळं आखलेलं असतं. फक्त एक करा. तिथे तिचे वेगळे लाड नकोत. ग्रुपमध्ये राहायला शिकू दे."

हे माझ्याच पालकसभेतलं वाक्य होतं. मी शिकवलेलं, माझ्याच पदरात परत आलं.

आमच्याकडे एक जुना नियम आहे. बालघरात सगळी मोठी माणसं ताई नाहीतर दादा. सर-मॅडम म्हटलं की मूल घाबरतं, काकू-आजी म्हटलं की हट्ट करतं. ताईशी कसं बरोबरीने वागता येतं. मला या नियमाचा फार अभिमान होता. शिबिराच्या आदल्या दिवशी मी गोराईला जाऊन मावशीला तो समजावला. मुलं तुम्हाला मथुराताई म्हणतील. प्रांजलसुद्धा. तिला जवळ घेऊन बसायचं नाही, बाकीच्या मुलांना वाईट वाटतं.

मावशी ओटा सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "ताई तर ताई. ती येतेय ना?"

पहिल्या दिवशी सकाळी तुळशीदासच्या बोटीतून आम्ही उतरलो. तुळशीदास हा मावशीचा दीर, फेरीबोट चालवतो. मावशी हिरवं नऊवारी लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून धक्क्यावर उभी. प्रांजलने तिला बघितलं आणि पाय उचललाच होता, पण मग माझ्याकडे वळून बघितलं. मी मानेनेच नको म्हटलं. तिने इतरांबरोबर हात जोडले आणि इतरांच्याच सुरात म्हणाली, "नमस्ते मथुराताई."

शहाणी मुलगी. नियम पाळणारी. माझ्या बालघरात घडलेली.

अंगणात दोरीवर गोधड्या वाळत घातल्या होत्या, एकूण बारा. बाराजणांतल्या हर्षदला वाटलं प्रदर्शन आहे; तो हात मागे बांधून एकेक गोधडी बघत गेला. मलाही वाटलं, बाईने हौसेने मांडल्यात. उलगडा झाला तो साडेतीन वाजता. मुलांच्या चपला शोधून मी त्यांना ओळीत उभं करत होते आणि चुलीवर मोठ्या टोपात तांदूळ शिजत होता.

"मावशी, हा भात कोणाला?"

"रातचा. पोरांना."

ती शिबिर म्हणजे राहायचंच समजली होती. पत्रकावर 'नऊ ते चार' असं छापलं होतं. ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं आणि तिला वाचता येत नाही. चार दिवस पोर आपल्या घरात झोपेल, या हिशेबाने तिने शेजारपाजारून गोधड्या मागून आणल्या होत्या, उन्हात घातल्या होत्या. मी काय बोलले ते मला आठवत नाही, काहीतरी गुळमुळीत बोलले. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली आणि म्हणाली, "जाऊ दे गो. वाड्यात वाटेन भात. खाणारी तोंडं कमी हायत काय?" मग तिने गोधड्या एकेक करून घडी घातल्या. एक छोटी, जुन्या साड्यांची, मऊ, तिने सगळ्यांत शेवटी उतरवली. ती कोणाची ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांनी तिच्याबरोबर जवळा सुकत घातला. सगळ्यांनी खालच्या फांदीवरून कैऱ्या तोडल्या. प्रांजलच्या वाट्याला एक आली. तिने ती न खाता फ्रॉकच्या खिशात ठेवली, तर मावशीची नजर दिवसभर त्या खिशावर. मला ते दिसत होतं. नियम मोडावा असं मनात येत होतं आणि मी मोडत नव्हते. इतक्या वर्षांत एका मुलासाठी मोडला नाही, आता कसा मोडू? असली अक्कल कधीकधी माणसाची वाट लावते.

तिसऱ्या दिवशी बोईचं कालवण होतं. खाडीतला मासा, चवीला गोड, पण काटेच काटे. मुलांनी आपापलं जेवायचं हा शिबिराचा दुसरा नियम. बाराजण केळीच्या पानांवर बसले. प्रांजलने घास उचलला, त्याकडे नीट बघितलं, खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. बोरिवलीला बिनकाट्याचे तुकडे खाऊन ती काटा काढायचं विसरली होती. मग तिने मान वर केली आणि समोर उभ्या असलेल्या मावशीकडे बघून, काही न बोलता, नुसतं तोंड उघडलं.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी कुठेतरी दुसरीकडे बघितलं.

मावशीने भाताचा टोप उचलला आणि ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पहिल्या मुलाच्या पानातला मासा सोडवला, काटा काढला, घास केला, भरवला. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. हर्षद मासे खात नाही, त्याला गूळभात भरवला. एकीला भरवायचं म्हणून त्या बाईने आधी अकराजणांना भरवलं. प्रांजल तोवर शहाण्यासारखी हात मांडीवर ठेवून बसून होती. सगळ्यांच्या घासातला काटा मावशीने एकदा चाचपला. प्रांजलच्या घासातला दोनदा. काय तो पक्षपात तेवढाच.

घास गिळून प्रांजल म्हणाली, "थँक यू, मथुराताई."

मावशी उठली आणि टोप घेऊन आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मी शिक्षिका आहे, मला आवाजावरून कळतं कोण काम करतंय आणि कोण कामाचं सोंग.

चौथ्या दिवशी निरोपाचा गोल झाला. मुलांनी शंख चिकटवलेलं भेटकार्ड दिलं, त्यावर बारा नावं आणि वर 'मथुराताई'. ती ते उलटं धरून बघत होती. चार वाजता आम्ही बोटीत बसलो, मुलांनी केशरी जॅकेटं चढवली, तुळशीदासने इंजिन सुरू केलं. खाडीत भरती होती. मावशी धक्क्यावर उभी राहून दोन्ही हात हलवत होती, सगळ्यांना सारखे.

प्रांजल माझ्या शेजारी होती. तिने माझी ओढणी ओढली. "ताई, शिबिर संपलं?"

"हो बाळा."

"बोटीतपण नाहीये?"

"नाही. धक्क्यावरच संपलं."

"मग आता तिला आजी म्हणू?"

चार दिवस ती हे विचारायला थांबून राहिली होती. सहा वर्षांची मुलगी, खिशात सुकलेली कैरी, आणि एवढा धीर. "म्हण," मी म्हटलं. मी तिची कंबर धरली. ती फळीवर उभी राहिली आणि ओरडली, "आजी!" मग आणखी जोरात, "आजी! ए आजी!" तुळशीदासचं इंजिन धडधडत होतं, पाठीमागे धूर होता. धक्क्यावरची हिरवी आकृती लहान होत गेली. तिचे हात तसेच हलत होते, सगळ्यांना सारखे. तिला काही ऐकू गेलं नव्हतं.

पलीकडे नमिता स्कूटर घेऊन उभी होती. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, ऐक माझं, हिला चार दिवस तशीच आजीकडे ठेव. शिबिर नाही, काही नाही. खाऊ दे, लोळू दे. नमिताने प्रांजलकडे बघितलं, खाडीकडे बघितलं. तिच्याही मनात काहीतरी हललं असावं, पण ती म्हणाली, "सोमवारपासून स्केटिंग आहे हो ताई. पैसे भरून झालेत."

मंगळवारी मी मंडईत गेले. मावशी पाटीमागे बसली होती. शिबिराचं तिने काही काढलं नाही, मांदेली दाखवली. मला राहवेना. मी सांगून टाकलं. "मावशी, नियम माझा होता, चूक माझी. बोट सुटल्यावर प्रांजल तुम्हाला हाका मारत होती. आजी म्हणून."

ती मांदेलीची डोकी मोडत होती. मोडतच राहिली. खाली बघूनच तिने विचारलं, "किती येला हाक मारली?"

"मोजल्या नाहीत. पलीकडचा धक्का लागेपर्यंत मारत होती."

"खाडीला धा मिनटं लागतात," ती स्वतःशीच म्हणाली.

मासळी पिशवीत घालून तिने माझ्या हातात दिली. मी निघाले, तर मागून हाक आली.

"फुडल्या वर्साला कॅम्प काढशील ना गो? काढ. नियम पण ठेव, मना चालेल, ताई म्हणू दे पोर." तिने पदराने तोंड पुसलं. "फक्त तुळशीदासला सांगून ठेवते. बोट सुटली की इंजिन चालू करू नको, मेल्या. वल्हव."